तीन बोटांचे वळ

शिरोलीच्या प्रयोगशाळेत नलिनी ढवळेनं हस्तस्मृतिमोजे चढवले, तेव्हा ती पतसंस्थेच्या नोकरीवर पाणी सोडून आलेली होती. अंतराळस्थानकाला वेल्डर हवे होते, पण चाळिशीतल्या बाईला शिकाऊ म्हणून वर्षानुवर्षं कोण ठेवून घेणार?

मोज्यांत हात होते उस्ताद दस्तगीर शिकलगारांचे. उस्ताद कसबी वेल्डर होते आणि ते त्यांना स्वतःला पुरेपूर ठाऊक होतं.

“हातात मुरलेलं तोंडानं सांगता येत नाही,” मोज्यांच्या जनक डॉ. वागळे म्हणाल्या. “मोजे ते मज्जातंतूंतून उचलतात, नव्या हातांत उतरवतात. कुठल्या आवाजाला, कुठल्या उजेडाला हातानं काय करायचं, सगळं.”

“चहाची तल्लफपण?” उस्तादांनी विचारलं.

“ती डोक्यात असते. पण हातातलं काही निवडून गाळता येत नाही. उतरलं तर सगळं, पुसलं तर सगळं.”

लवकरच नलिनीचा जोड असा सुबक येऊ लागला, की उस्ताद तो उलटसुलट न्याहाळायचे आणि स्वतःचंच कौतुक करायचे.

स्थानकाच्या परीक्षेत नळ्या जोडायच्या होत्या. शेजारच्या टेबलावर तेजस गोंधळी होता, उस्तादांचा नेहमीचा शिकाऊ. मध्येच त्याच्या वेल्डिंग टॉर्चचा आवाज जाडावला, नळीला भोक पडण्याआधी होतो तसा. नलिनीला काही कळायच्या आत तिच्या डाव्या हातानं त्याचं मनगट धरून मागं खेचलं. त्याची नळी वाचली. तिच्या नळीला भोक पडलं.

“नापास,” वागळे हळहळल्या. “उस्ताद, स्मृती टिपताना तर तुम्ही एकटेच होता!”

“त्या दिवशी, डॉक्टर. एरवी जन्मभर शेजारी कोणी ना कोणी शिकाऊ होताच की! त्याची नळी वाचवायची, आपली बिघडवायची.”

“पुसून टाकूया, नलिनीताई?”

“मग मला काय येईल?”

“पतसंस्थेचं काम.”

नलिनीनं भोक पडलेली नळी बाजूला ठेवली. “स्थानक राहू दे. उस्ताद, शिकाऊंवर नजर ठेवायला माणूस हवाय का?”

“मला दुसरा मीच मिळतोय. नाही कशाला म्हणू?”

तेजस मनगट चोळत होता. “पकड तुमचीच हो, उस्ताद. करंगळी कधी लागत नाही.”

उस्ताद वळांवर वाकले. तीनच बोटं उमटली होती. त्यांचा आवाज एकदम उतरला.

“हे जब्बारचाचांचे वळ. माझे उस्ताद. करंगळी भाजून ताठलेली त्यांची. माझ्या मनगटावर असेच उठायचे.”

खात्री करायला त्यांनी डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट धरलं. त्यांची धडधाकट करंगळी ताठ बाहेर राहिली.