तारिणीचा उजवा गाल

ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचायला मला येतं. दोन वर्षं दर रविवारी मी तेच करत होते. म्हणूनच आधी सांगून टाकते, की यातलं काहीही त्या खेळातलं नाही. हे आमच्या घरात घडलं. रत्नागिरीत, नाचणे रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात.

आणि रात्री नाही. भर दुपारी. तीन-सव्वातीनच्या सुमारास.

मी स्वानंदी. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. घरी मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा शाळामास्तर होते, आता निवृत्त आहेत. दुपारी जेवून झोपतात, चारला उठून चहा घेतात.

आमचा एक ग्रुप आहे. आम्ही चौघं रविवारी संध्याकाळी ऑनलाइन एक खेळ खेळतो. पुण्याचा उन्मेष गोष्ट सांगतो, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली पात्रं होतात. राक्षस, जादूगार, पडके किल्ले, सगळं तोंडी. माझं पात्र म्हणजे तारिणी. धुक्यानं भरलेल्या एका खाडीवर माणसं पलीकडे नेणारी नावाडीण. ती मला कशी सुचली ते आठवत नाही. नाव सुचलं आणि मागोमाग ती सुचली, एवढंच.

दिवाळीत उन्मेषच्या डोक्यात आलं, की आपापल्या पात्रांची चित्रं काढून घ्यायची. त्यानं एका चित्रकार मुलीचा नंबर दिला. अक्षया. दापोलीत राहते, अशीच चित्रं काढून देते.

अक्षयानं पहिल्याच फोनवर मला बजावलं, की "सुंदर", "गूढ", "करारी" असलं काही लिहून पाठवू नका, ते काढता येत नाही. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा. वय, उंची, बांधा, नाकडोळे, केस, कपडे, हातात काय, उजेड कुठून येतोय. आणि काय नको, तेही लिहा.

मी दोन दिवस बसून लिहिलं.

वय पस्तीस. उंच, सडपातळ. रंग सावळा. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर एक बट सुटलेली. डोळे घारे. निळा जाड अंगरखा. हातात वल्हं. उजेड डावीकडून, कंदिलाचा. शेवटी लिहिलं, चेहरा स्वच्छ हवा. व्रण, डाग, गोंदण काही नको.

हे शेवटचं वाक्य मी नक्की लिहिलं होतं. तो मेल अजून आहे माझ्याकडे.

शुक्रवारी कच्चं चित्र आलं.

बांधा बरोबर. केस बरोबर. ती सुटलेली बटसुद्धा बरोबर.

पण उजव्या गालावर...

कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याची खूण होती. कातडी आवळून आलेली. त्या बाजूचा ओठ किंचित वर ओढलेला. आणि अंगरख्याच्या बाहीतून बाहेर आलेल्या हातात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, त्यातल्या एकीला अडकवलेली सेफ्टी पिन.

मी अक्षयाला फोन केला. म्हटलं, चित्र फार छान आहे, पण हे गालावरचं मी सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, काल दुपारी तुम्हीच तर फोन करून सांगितलंत. बराच वेळ बोललात. बांगड्यांचंही तुम्हीच सांगितलंत, पिनेचंही.

काल, म्हणजे गुरुवारी, माझा फोन घरी चार्जिंगला राहिला होता. मी दिवसभर कॉलेजात होते.

मी फोनमधले कॉल उघडून पाहिले.

गुरुवार. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. अक्षयाला केलेला कॉल. अकरा मिनिटं.

पहिला संशय बाबांवर गेला. त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुझा तो फोन मला उघडतासुद्धा येत नाही, मी झोपलो होतो. खरंच होतं ते. त्यांचा स्वतःचा बटणांचा साधा फोन आहे, आणि त्यावरूनही ते मोजक्याच लोकांशी बोलतात.

मी स्वतःची समजूत घातली. काहीतरी गडबड झाली असेल. अक्षयाला सांगितलं, तो व्रण काढून टाक, गाल स्वच्छ कर. ती बरं म्हणाली.

सोमवारी माझ्या फोनची स्क्रीन बंद पडली. दुकानात दुरुस्तीला दिला. सिमकार्ड काढून कागदात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. हे नीट लक्षात घ्या. कार्ड पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्याला, आणि मी ग्रंथालयात.

बुधवारी मला सुट्टी होती. दुपारी लॅपटॉपवर दुसरं चित्र आलं.

व्रण तसाच होता. उलट आता जास्त नीट काढलेला. मानेपर्यंत उतरलेला.

खाली अक्षयानं लिहिलं होतं, ताई, कृपा करून एकदा काय ते ठरवा. काल दुपारी पुन्हा त्याच वेळेला तुमचा फोन आला, म्हणून मी सगळं परत बदललं.

मी पर्स उलटी केली. कागदाची घडी उघडली.

कार्ड आत होतं.

बाबांच्या फोनवरून मी अक्षयाला लावला. मी विचारलं, मी नक्की काय बोलले तुझ्याशी? ती म्हणाली, तुमचा आवाज खाली गेला होता, घसा बसल्यासारखा. पण नंबर तुमचाच. आणि माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, मी पाठवते, तुम्हीच ऐका.

पाच मिनिटांत रेकॉर्डिंग आलं. मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावर लॅपटॉप ठेवून लावलं.

"हॅलो... हां ताई, बोला."

हा अक्षयाचा आवाज. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"हो... हो... उजवाच ना?"

पुन्हा शांतता.

"मानेपर्यंत? बरं... किती वर्षांपूर्वीचं भाजलेलं धरू?... अच्छा, लहानपणीचं."

अक्षया बोलत होती, थांबत होती, ऐकत होती, मधे एकदा हसलीसुद्धा. आणि समोरून कोणाचाही आवाज येत नव्हता.

आवाज नव्हता, पण... त्या शांततेत काहीतरी चाललं होतं. अगदी बारीक. सर्र... सर्र... आणि मधेच टप्. पुन्हा सर्र... सर्र...

मग अक्षया म्हणाली,

"नाही हो, नाही झाकत. आहे तसंच काढते."

मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"कोण पाखडतंय?"

ते दारात उभे होते. झोपेतून उठून आलेले.

तेव्हा मला कळलं तो आवाज कसला ते. सुपात तांदूळ पाखडल्याचा. आमच्या घरात सूप नाही. आई होती तेव्हाही नव्हतं.

मी त्यांना काही सांगायच्या आत त्यांची नजर लॅपटॉपवर गेली. रेकॉर्डिंगच्या शेजारी ते चित्र उघडं होतं.

बाबा जवळ आले. चष्मा नव्हता, म्हणून अगदी वाकून त्यांनी पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"हा फोटो तुला कुणी दिला?" त्यांनी विचारलं. "तिचा फोटो नाहीये."

बाबांना एक मोठी बहीण होती आणि ती तरुणपणी गेली, एवढंच मला माहीत होतं. उमाआत्या. आमच्या घरात तिचा विषय निघत नसे. ती कशी दिसायची ते मी कधी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी सांगितलं.

उमाआत्या चार वर्षांची असताना चुलीवरच्या उकळत्या पेजेचं भांडं तिच्या अंगावर आलं. उजवा गाल आणि मान भाजली. त्या गालामुळे तिचं लग्न जमलं नाही. पावसजवळच्या आमच्या घरी ती राबत राहिली. बाबांना तिनंच खेळवलं, वाढवलं. बाबांच्या शाळेच्या चड्डीचं बटण तुटलं, की ती बांगडीतली पिन काढून तात्पुरती लावून द्यायची.

बाबा बावीस वर्षांचे असताना मे महिन्यात त्यांनी एका मित्राचा कॅमेरा आणला. घर पाहुण्यांनी भरलेलं. अंगणात एकेकाला उभं करून ते फोटो काढत होते. उमाआत्या मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. ती उठली, तोंड धुतलं, केस विंचरले, आणि पुढे येऊन सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. म्हणाली, माझा एक काढ ना रे.

"मी म्हटलं, तुझा काढून रोल कशाला फुकट घालवू?" बाबा सांगत होते. "सगळ्यांसमोर म्हटलं. सगळे हसले. तीसुद्धा हसली. तिला अर्धंच हसता यायचं."

मग ती परत पडवीत जाऊन बसली.

रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते. बाबांनी ते दारातल्या हापूसच्या कलमाचे काढले.

त्याच श्रावणात उमाआत्याला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून आजी घरभर शोधत राहिली. एकही नव्हता.

बाबांचं सांगून झाल्यावर मी विचारलं, चित्राचं काय करू? ते म्हणाले, राहू दे. त्या मुलीला सांग, ती म्हणते तसंच कर.

कोण म्हणते, ते मी विचारलं नाही.

मी अक्षयाला मेल केला, आहे तसंच पूर्ण कर म्हणून. या वेळी मी स्वतः केला. फक्त अंगरखा आणि वल्हं काढून टाकायला सांगितलं, आणि नऊवारी नको, साधी गोल साडी दाखव म्हटलं, बाबांनी सांगितली तशी. चित्र आलं. मोठं छापून घेतलं, चौकट केली, हॉलमध्ये लावलं. बाबांनी पहिल्या दिवशी हार घातला. रविवारच्या खेळात मी उन्मेषला सांगितलं, तारिणी आता मला नको. त्यानं कारण विचारलं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

अक्षयाला मी खरं सगळं सांगितलं. ती घाबरली. तुमच्या नंबरवरून आलेला फोन आता मी उचलणार नाही, काही असेल तर मेल करा, असं म्हणाली. मला ते पटलं.

दोन महिने काही झालं नाही. बाबा जरा मोकळे झाले होते. उमाआत्याच्या आठवणी सांगायचे, जेवताना, चहा पिताना. मला वाटलं, तिला जे हवं होतं ते मिळालं. संपलं.

मग या जानेवारीत अक्षयाचा मेल आला.

तिनं लिहिलं होतं, ताई, रागावू नका. फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून मी उचलला. आवाज ऐकल्यावर कोण ते कळलं, पण मला ठेवताच आला नाही. त्यांना अजून एक चित्र हवंय. त्यांनी भावाचं वर्णन सांगितलं.

खाली ते वर्णन होतं. अगदी मी लिहायचे तसं, मुद्देसूद.

वय त्रेसष्ट. कपाळ मोठं, केस पांढरे, मागे वळवलेले. डाव्या भुवईत एक लांब केस. अंगात पांढरा सदरा. उताणा झोपलेला. उजेड खिडकीतून, दुपारचा.

आणि शेवटी... डोळे मिटलेले.

अक्षयानं लिहिलं होतं, मी दोनदा विचारलं, उघडे काढू का म्हणून. त्या नाही म्हणाल्या.

चित्र तिनं काढून ठेवलं होतं. का काढलं, ते तिलाही सांगता येत नव्हतं. मेलला जोडलं होतं. मी ते उघडलेलं नाही, पुसूनही टाकलेलं नाही. पुसलं तर काय होईल, या भीतीनं तसंच आहे.

ज्या नंबरवरून फोन आला तो तिनं पाठवला होता. मी लावून पाहिला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं ऐकू आलं.

बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांची तब्येत चांगली आहे. डॉक्टरांना दाखवून आणलंय, सगळे रिपोर्ट बरे आहेत.

मी मात्र ग्रंथालयातली वेळ बदलून सकाळची घेतली. दोनपर्यंत घरी येते. बाबा जेवून आडवे होतात, खिडकीतून त्यांच्या अंगावर ऊन येतं. मी पडदा ओढते. अंगात पांढरा सदरा असेल तर बदलायला लावते, डाग पडलाय म्हणून सांगते. आणि शेजारी खुर्ची घेऊन बसते.

तीन वाजले, की त्यांच्या छातीकडे बघत राहते.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांना हलवून उठवते. ते चिडतात. अगं, अजून चार वाजले नाहीत, पाच मिनिटं झोपू दे ना, म्हणतात.

मी झोपू देत नाही.