मधली जागा

थोरली टेप घेऊन मागच्या खोलीत शिरली तेव्हा सकाळ चांगली वर आली होती, आणि पडदा पिवळा घ्यावा की फिकट निळा, याखेरीज दुसरी कसलीही काळजी तिच्या डोक्यात नव्हती.

पडदे हा तिचा पोटाचा धंदा. पडद्यांच्या दुकानात शिलाई मशीनवर तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ठेंगणी खिडकी उंच कशी दाखवायची, अंधाऱ्या भिंतीला कुठला रंग द्यायचा, हे लोकांनी तिला विचारावं. आणि तिच्याच घरातली ही खोली मात्र तिने अडगळीच्या हवाली केलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आता ही खोली लावायची होती गोटीसाठी. गोटी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची लेक. भाऊ जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यावर. त्याची बायको आदल्या वर्षी आजारपणात गेली. पोर काही दिवस आजोळी राहिली, पण तिथे तिची झोपच उडाली. सगळं घर घोरायला लागलं की ही अंथरुणात उठून बसायची, ती उजाडेपर्यंत.

"ताई, शाळा सुरू होईपर्यंत तुझ्याकडे ठेवून बघू," भाऊ फोनवर म्हणाला. "नाही रमली तर वसतिगृह आहेच."

"तुझं वसतिगृह तुझ्याकडेच ठेव," थोरली म्हणाली. "मी अजून जिवंत आहे."

बोलून तर बसली होती, पण खोली एवढीशी, की दोघं आत असले तर तिसऱ्याने दारातूनच बोलावं. अडगळ उपसल्यावर तळाशी निघाल्या त्या दोन जुन्या खाटा. त्या पाहिल्या आणि टेप हातातच राहिली.

या भिंतीशी तिची खाट, त्या भिंतीशी धाकट्याची. आणि दोन्हींच्या मधे, जमिनीवर, सतरंजी टाकून अक्का.

अक्का म्हणजे वडिलांची मोठी बहीण. वडील अक्का म्हणायचे म्हणून सगळी गल्लीच तिला अक्का म्हणायची. इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या अंगाला साबणाचा वास, आणि गुडघ्यांना चोळलेल्या निलगिरी तेलाचा. कपडे पिळायच्या यंत्रात कधीतरी तिचं तर्जनीचं बोट सापडलं होतं. ते बोट पुढे जन्मभर ताठच राहिलं. धाकटा तिला चिडवायचा, "अक्का, तू कायम कुणाला तरी दटावतेयस असं वाटतं." रात्री दिवा मालवला की ती दोन्ही हात वर करायची, एक या खाटेवर, एक त्या. मुलांची बोटं मुठीत घ्यायची आणि म्हणायची, "झोपा रे. मी मधे आहे."

तेवढं म्हटलं की झालं. मग बाहेर वादळ होवो, की आईवडिलांचं भांडण होवो, दोघं भावंडं मेल्यासारखी झोपायची.

अक्का गेली तीही तिथेच, झोपेत. सकाळी दोघांना जाग आली तेव्हा त्यांची बोटं तिच्या मुठीतच होती. सोडवायला वडिलांना यावं लागलं.

थोरलीने डोळे पुसले आणि टेप पुन्हा ताणली.

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आला. उंच, काटकुळा, आणि तोंडाची टकळी करवतीपेक्षा जोरात चालणारा. खोली बघून त्याने कानावरची पेन्सिल काढली.

"ताई, लहान खोलीत जमीन शोधायची नसते. भिंत चढायची असते. पलंग वर नेऊ, तुमच्या खांद्याएवढा. खाली अभ्यासाचं टेबल. चढायला पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या पोटात ड्रॉवर. कपडे, पुस्तकं, खेळणी, सगळं गिळून टाकतील."

"आणि मधे?" थोरलीने विचारलं.

"मधे काय मधे? पायऱ्यांचं कपाट पलंगाला घट्ट भिडवायचं. फट ठेवली की धूळ आणि झुरळं. मधली जागा म्हणजे वाया गेलेली जागा."

तिला ते पटलं. धंद्यातली बाई ती. तिनेच भिंती दुधी रंगाच्या करून घेतल्या, खिडकीसमोर आरसा लावला म्हणजे उजेड दुप्पट होतो, आणि पिवळा पडदा खिडकीच्या वर न लावता थेट छताखालून सोडला. सगळं झाल्यावर दारात उभी राहिली तर खोली ओळखू येईना. गोटी आली, तिने एकदा वर पाहिलं, चपला फेकल्या आणि माकडासारखी पायऱ्या चढून गेली.

"आत्या, इथून छताला हात लागतो!"

"लागू दे. डोकं लागू देऊ नकोस म्हणजे झालं."

त्या रात्री पोर सलग झोपली. थोरलीने दोनदा कान लावून ऐकलं, आतून फक्त श्वास येत होता. तिला गहिवरून आलं.

सकाळी ती चहा गाळत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"आत्या, पायऱ्या का बाजूला केल्यास? मी उतरू कशी?"

थोरली जाऊन बघते तो, पायऱ्यांचं कपाट पलंगापासून सरकलेलं. तिरकं नाही, वेडंवाकडं नाही. सरळ रेषेत, अंग टाकता येईल एवढी जागा सोडून समोरच्या भिंतीला टेकलेलं. कपाट पुस्तकांनी गच्च भरलेलं होतं. तिने खांदा लावून ढकललं तर घाम फुटला. आणि नव्या फरशीवर ओरखडा म्हणाल तर एक नाही.

"फरशीला उतार असणार," मिस्त्री म्हणाला. त्याने पाण्याची नळी लावून पाहिली. उतार नव्हता. "मग हवेने लाकूड फुगलं असेल," म्हणाला, आणि लांब स्क्रू लावून त्याने कपाट पलंगाला जखडून टाकलं.

दुसऱ्या सकाळी कपाट पुन्हा भिंतीशी. स्क्रू खिडकीत ठेवले होते, एकाशेजारी एक, ओळीने. जसं एखादी नीटनेटकी बाई शर्टाची काढलेली बटणं ठेवते.

मिस्त्रीने ते स्क्रू पाहिले. एक उचलून बोटांत फिरवला. तो काढताना पेचकस लावल्याचा एकही नवा व्रण त्याच्यावर नव्हता. त्याची टकळी पहिल्यांदाच बंद झाली.

"ताई... घरात आणखी कोण असतं?"

"मी आणि ही."

"मग मला पुढचं विचारू नका," तो म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

गंमत अशी, की गोटीला यातलं कशाचंच काही वाटत नव्हतं. ती गाढ झोपत होती. गालांवर रंग आला होता, जेवण वाढलं होतं. थोरलीने मग त्या खोलीत स्वतः झोपायला जायची भाषा केली, तर पोर म्हणाली, "कशाला? तू असतेसच की."

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. पण लहान पोराला खोदून विचारायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात गोटीला ताप भरला. आभाळ दाटून आलेलं, दुपारीच दिवा लावावा असा अंधार. थोरलीने दुकानाला सुट्टी टाकली. औषध देऊन पोरीला निजवलं आणि ती स्वयंपाकघरात पेज करायला गेली. भांडं चुलीवर ठेवलं, ढवळलं, आणि तिचा हात थांबला.

निलगिरीचं तेल.

आधी पुसट, मग दाट. घरात त्या तेलाची बाटली कैक वर्षांत आली नव्हती. वास मागच्या खोलीतून येत होता. थोरलीला भीती वाटायच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. शाळेतून दमून आल्यावर दारातच दप्तर टाकावं, असं काहीतरी. ती त्या वासामागून अनवाणी चालत गेली आणि दारात उभी राहिली.

गोटी वर पलंगावर कुशीवर झोपली होती. तिचा एक हात कडेवरून खाली सोडलेला. पण सैल सोडलेला हात लोंबतो, हलतो. हा हात ताणलेला होता. बोटं मिटलेली होती, आणि मुठीत काही आहे अशी, मधे जागा ठेवून मिटलेली. पायऱ्या भिंतीशी सरकलेल्या. मधल्या जागेत कोणी नव्हतं. समोरच्या आरशातही कोणी नव्हतं.

"गोटी..." तिने हलकेच हाक मारली.

"हळू बोल ना," पोर डोळे न उघडता पुटपुटली. "मी झोपतेय."

"कुणाचा हात धरलायस, बाळा?"

"तुझाच... पण आत्या, तुझं हे बोट का वाकत नाही?"

थोरलीने दाराची चौकट घट्ट धरली. दाही बोटं तिची चौकटीवर होती.

"आणि तू खाली बस ना," गोटी म्हणाली. "रोज उभीच असतेस... तुझे पाय दुखतात."

थोरलीने पलंगाची उंची डोळ्यांनी मोजली. भीती होतीच, अंगावर काटा होताच, पण त्याच्याही आत कुठेतरी लाज वाटली. खांद्याएवढा पलंग! जमिनीवर पाठ टेकून जो हात खाटेपर्यंत पोचायचा, तो एवढ्या वर कसा पोचावा? म्हातारी रोज पोरीसाठी त्या गुडघ्यांवर रात्रभर उभी राहत होती.

संध्याकाळी ताप उतरला. भावाचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"ताई, जहाजावरच्या बंकवर मी अजूनही हात बाहेर टाकून झोपतो," तो म्हणाला. "सगळे हसतात मला."

"काय करू रे मी? खोलीला कुलूप घालू?"

"अक्काला? घराबाहेर काढणार आहेस?" तो म्हणाला. "तिला तिची जागा दे. आपलं काय बिघडवलं तिने कधी?"

मिस्त्रीला तिने विनवण्या करून बोलावलं. तो भर दुपारी आला, दार उघडं ठेवून काम करत राहिला. पलंगाचे पाय कापून तो जुन्या खाटेएवढा खाली आणला. टेबल खिडकीखाली गेलं, पायऱ्यांचं कपाट समोरच्या भिंतीशी कायमचं बसलं. मधली जागा मोकळी राहिली.

"एवढी जागा वाया," तो जाताना सवयीने म्हणाला आणि त्याने स्वतःच जीभ चावली.

थोरलीने पडद्याच्या उरलेल्या कापडाची एक पातळ गादी शिवली आणि मधे अंथरली. खोली आता तेवढी ऐसपैस दिसत नव्हती. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने अशी खोली दाखवली नसती. पण संध्याकाळी दिवा लावायला आत गेली की तो वास यायचा, आणि ती दारात क्षणभर उभी राहायची. कधीकधी दुकानात काय झालं तेही सांगायची. इतक्या वर्षांत तिचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. पिवळ्या पडद्यातून उतरतं ऊन गादीवर पडायचं आणि तिला वाटायचं, आपण अजून लहान आहोत, धाकटा कुठेतरी खेळतोय, हाक मारली की येईल.

गोटीची शाळा सुरू झाली. वसतिगृहाचं नाव कुणी काढलं नाही. कपाट जागचं हललं नाही. थोरली म्हणायची, माणसाला हवं असतं किती, तर पाठ टेकण्यापुरतं.

आणि मग एके दिवशी गोटीला शाळेच्या गाडीत बसवून ती खोली झाडायला गेली.

पायऱ्यांचं कपाट तिथे नव्हतं. ते मागे, खिडकीखालच्या टेबलाला खेटून, जाता-येता अडेल असं उभं होतं. समोरची भिंत पार उघडी पडली होती. आणि गादी तिच्या जागी असून तिच्या शेजारी, तिच्याच मापाची, आणखी एक जागा झाली होती. स्वच्छ पुसलेली.

थोरली कितीतरी वेळ केरसुणी घेऊन उभी राहिली. "अक्का?" तिने विचारलं. "ही कुणाला? मला, की धाकट्याला?"

खिडकी बंद होती. पडदा हलला नाही.

ती हळूच खाली बसली. एक हात तिने गादीवर ठेवला. गादी उबदार होती, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. मग दुसरा हात तिने शेजारच्या फरशीवर टेकला.

ती फरशी थंडगार होती. तिच्यावर अजून कुणी झोपलेलं नव्हतं.