दीड मिनिटाचं मिसिंग

सायलेन्सर पार कुजला होता. मिस्त्रीने गाडीखाली पडून तो नुसता अंगठ्याने दाबला, तर गंजाचा मोठा पापुद्रा निघून त्याच्या छातीवर पडला.

"काका, हा सायलेन्सर नाही, चाळण आहे," तो खालूनच ओरडला. "घरी न्या, पीठ चाळायला होईल."

कानसेन हसले. गालांना ते जरा नवं वाटलं. तीन महिन्यांत सवय गेली होती.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सूतगिरणीत ते चौतीस वर्षं फिटर होते. सकाळी खात्याच्या दारातून आत येता येता सांगायचे, "तिसऱ्या रांगेतल्या सातव्या यंत्राचं बेअरिंग जातंय." खोलून बघावं तर ते गेलेलंच असायचं. तेव्हापासून गिरणीत सगळे त्यांना कानसेन म्हणत. बायकोही थट्टेत तेच म्हणायची. "यंत्र शिंकलं तर यांना तीन गल्ल्यांवरून ऐकू येतं," ती आल्यागेल्याला सांगायची, "मी शेजारी बसून दोन हाका मारल्या तरी पत्ता नसतो."

गाडी सव्वीस वर्षांची होती. गेले तीन महिने ती शेडमध्ये कापडाखाली उभी होती. शेवटी लेकीनेच विषय काढला.

"बाबा, शेडकडे नजर गेली की तुम्ही ताटावरून उठता. माझ्या ऑफिसातली एक जण आहे, तिला जुन्या गाड्यांची भारी हौस. रविवारी येऊन घेऊन जाईल. चालेल?"

"चालेल," कानसेन म्हणाले. "पण इंजिनाचा मधेच ठोका चुकतोय, ते मिसिंग काढल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"अहो, तिला सांगितलंय मी, जशी आहे तशी..."

"मिसिंग काढल्याशिवाय नाही."

लेकीने विषय सोडला. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं तिला वाटलं असणार. कानसेनांनी तिला बाकी सगळं सांगितलं होतं. एवढंच सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी त्या दिवशी सकाळपासून बायकोचा डावा हात दुखत होता. ती नको नको म्हणत असताना कानसेनांनी तिला डॉक्टरकडे न्यायला गाडी काढली. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. वर आकडे उलटे पडायला लागले, नव्वद, एकोणनव्वद. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि इंजिन अडखळलं. चार ठोके बरोबर, पाचवा गायब. मग सात बरोबर, आठवा गायब. कानसेनांचे कान टवकारले.

"अहो," ती म्हणाली.

"थांब, ऐकू दे," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघताच हाताचा पंजा वर केला.

ती थांबली. नव्वद आकडे संपेपर्यंत ते इंजिन ऐकत बसले. हिरवा पडल्यावर गिअर टाकता टाकता म्हणाले, "चार नंबरचा प्लग असणार. हं, काय म्हणत होतीस?"

तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल, कुणालाच काही करता आलं नसतं. कानसेनांनी ते मानलं. यंत्र कधी कधी असं एका झटक्यात बंद पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती काय सांगणार होती? हे आता कुठल्या डॉक्टरला विचारायचं? रात्रंदिवस तेवढा एक प्रश्न. त्याला उत्तर नव्हतं, म्हणून मग त्यांनी मिसिंगचा पिच्छा धरला. ज्याच्यासाठी तिला गप्प केलं, तो दोष तरी हाताला लागावा.

मिस्त्री त्यांच्या ओळखीचा. पन्नाशीचा, तोंडाळ, हाताने चोख. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, मधोमध खड्डा, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले आणि एक करडं मांजर. सोमवारी त्याने गंजलेले बोल्ट कापून जुना सायलेन्सर काढला आणि मागच्या भिंतीशी टाकला. नवा पाइप, नवा सायलेन्सर, मॅनिफोल्डला नवं गॅस्केट. दुपारपर्यंत काम उरकलं.

"एग्झॉस्ट गळत असला की कान फसतो," तो हात पुसत म्हणाला. "आता खरं काय ते ऐकू येईल."

त्याने गाडी चालू केली. फटफट गेली होती. इंजिन हलक्या आवाजात बोलत होतं, आणि चार ठोक्यांनंतर पाचवा गायब. जिन्यात एखादी पायरी कमी असावी, तसं.

"आहे की अजून," मिस्त्री म्हणाला.

"आहे," कानसेन म्हणाले.

मागे मांजर जुन्या सायलेन्सरवर जाऊन बसलं होतं. गाडी चालत आली होती, सायलेन्सर तापलेला होता, मांजराला ऊब हवी. त्यात नवल ते काय.

मंगळवारी प्लग बदलले. कार्ब्युरेटर उघडून धुतला. हवा ओढणारी एक जुनी नळी चिरलेली सापडली, तेव्हा मिस्त्रीने ती विजयाने नाचवली. "सापडला चोर!" नळी बदलली, गाडी चालू केली. चार ठोके, पाचवा गायब. सात ठोके, आठवा गायब.

मिस्त्रीने मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून उभा राहिला. मग एकदम डोळे उघडले.

"गेलं."

खरंच, इंजिन आता एकसारखं चालत होतं. कानसेन पुढे झाले. मिस्त्रीने गाडी बंद केली आणि पुन्हा चालू केली. मिसिंग पुन्हा आलं. थोड्या वेळाने पुन्हा गेलं. चौथ्या खेपेला त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाचव्या खेपेलाही.

"काका, गंमत बघा. चालू केल्यावर बरोबर दीड मिनिट मिसिंग. मग साफ. गार इंजिन असू दे की गरम. एक सेकंद इकडेतिकडे नाही."

 दीड मिनिट म्हणजे नव्वद सेकंद, एवढा हिशेब कानसेनांना येत होता. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. इंजिनाची थरथर तळव्यात चढली, चार, मग एक रिकामी जागा, मग सात. चौकात त्यांनी जे ऐकलं होतं ते त्यांना सबंध पाठ होतं. हे तेच होतं. त्यासारखं नव्हे, तेच. कुठे किती ठोके, कुठे खड्डा, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत.

त्यांना भीती वाटली नाही. लहानपणी गिरणीत पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर सूत कातणाऱ्या त्या हजार चात्या एकदम फिरताना बघून वाटलं होतं, तसं काहीसं वाटलं. आपण फार लहान आहोत आणि टोपी काढायला हवी, असं.

बुधवारी मिस्त्रीने कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर ठणठणीत. मग तो मागच्या भिंतीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काका, जरा इकडे या."

मांजर सायलेन्सरवरच होतं. मिस्त्रीने त्याला बाजूला सारून पत्र्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"हात लावून बघा."

कानसेनांनी लावला. सायलेन्सर कोमट होता. चटका बसेल असा नाही. अंगाला असते तेवढी ऊब.

"सोमवारी काढलाय हा," मिस्त्री म्हणाला. "आज बुधवार."

"ऊन लागत असेल."

"या भिंतीला? इथे मी वर्षभर ग्रीसचे डबे ठेवतो, वितळू नये म्हणून."

दोघं उकिडवे बसून राहिले. मांजराने दोघांकडे वैतागून बघितलं आणि परत आपली जागा घेतली.

"मांजराचीच ऊब असेल," मिस्त्री शेवटी म्हणाला, आणि पाने आवरायला निघून गेला. त्या दिवशी त्याने पुढे एकही विनोद केला नाही.

गुरुवारी सकाळी कानसेन आले तेव्हा बॉनेट उघडं होतं. मिस्त्री प्लगला ठिणगीची वीज पोचवणाऱ्या वायरी मीटरने तपासत होता. चारही वायरी काढून त्याने चाकावरच्या फेंडरवर पिवळं फडकं अंथरून त्यावर ओळीने ठेवल्या होत्या.

"वायरीही चांगल्या निघाल्या," तो म्हणाला. "काका, खरं सांगू? आता बदलायला फक्त मालक उरलाय."

"त्याचीही तारीख उलटलीय," कानसेन म्हणाले.

तेवढ्यात मिस्त्रीचा फोन वाजला. त्याची बायको होती. तिच्या भावाला स्टेशनवरून आणायचं तो साफ विसरला होता. बराच वेळ तो "अगं हो", "अगं ऐक तरी" करत शेडभर फिरत राहिला.

कानसेन गाडीजवळ उभे होते. गिरणीत त्यांच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी एक धडा दिला होता. एका जागेवरून दोष सापडला नाही, तर यंत्राला हात लावू नकोस, तू जागा बदल. पलीकडे जाऊन ऐक. चौतीस वर्षं त्यांनी तो पाळला होता. आणि या गाडीत सव्वीस वर्षं ते एकाच जागेवरून ऐकत आले होते.

ते वळसा घालून गेले, डावं दार उघडलं आणि तिच्या सीटवर बसले. सीट पुढे ओढलेली होती, गुडघे वर आले. ती ठेंगणी होती.

"मिस्त्री, जरा चालू करा हो," त्यांनी हाक मारली. "मी इकडून ऐकतो."

मिस्त्री कानाला फोन लावूनच आला. "येतो म्हटलं ना, दहा मिनिटांत निघतो," म्हणत स्टिअरिंगमागे बसला, फोन खिशात टाकला आणि किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं.

चार ठोके. खड्डा. सात ठोके. खड्डा.

उघड्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. मिस्त्रीने मान तिरकी केली. तोही आता मन लावून ऐकत होता.

कानसेनांना मात्र इथून वेगळंच ऐकू येत होतं. ते खड्डे इथून रिकामे नव्हते. प्रत्येक खड्ड्यात काहीतरी होतं, बारीक, एखाद्याने बोलण्याआधी श्वास घ्यावा तसं.

मग त्यांच्या डाव्या हातात कळ आली. खांद्यापासून करंगळीपर्यंत.

ती वाढली.

आणि गेली. एकदम, एखाद्याने ओझं उतरवून घ्यावं तशी. इतकं हलकं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. शेजारच्या माणसाला. आत्ता.

"अहो," कानसेन म्हणाले.

आवाज त्यांचाच होता. पण हा शब्द असा, या सुरात, त्यांनी जन्मात कुणाला म्हटला नव्हता. तो त्यांना ऐकून माहीत होता.

मिस्त्रीने त्यांच्याकडे न बघताच पंजा वर केला.

"थांबा काका, ऐकू द्या."

कानसेन थांबले. पण शब्द तोंडात आलेले होते, आणि ते त्यांचे नव्हते. या वेळी मात्र ते गिळले गेले नाहीत.

"अहो, हात दुखायचा थांबला बघा," ते हळूच म्हणाले. "आता कशाला डॉक्टर? घरीच चला."

इंजिन साफ झालं.

एकही ठोका चुकेना. शिवणयंत्रासारखं एकसंध, हलकं. कानसेन काचेला डोकं टेकून ऐकत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. घरीच चला. एवढंच होतं. तिला दुखत नव्हतं, आणि तिला घरी जायचं होतं.

मिस्त्री घड्याळ बघत होता. दोन मिनिटं झाली, तीन झाली. त्याने गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. पहिल्या ठोक्यापासून साफ.

"गेलं!" त्याने स्टिअरिंगवर थाप मारली आणि किल्ली काढली. "काका, गेलं की हो! काय केलं आपण?" मग तो जरा ओशाळला. "तुम्ही काहीतरी म्हणत होता मघाशी. मी तुम्हाला गप्प केलं. राग मानू नका, सगळं लक्ष आवाजात होतं."

कानसेनांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं," ते म्हणाले. "माणसाच्या मनात काही नसतं. ज्याला सांगायचं असतं, तो सांगतो पुन्हा."

त्यांनी तिथेच बसून लेकीला फोन लावला. "रविवारी पाठव तुझ्या मैत्रिणीला. गाडी बरी झाली. आणि तू आज जेवायला ये. तुला एक सांगायचं राहिलंय."

मिस्त्री शीळ घालत बॉनेट लावायला गेला. बॉनेट लागल्याचा आवाज मात्र आला नाही. शीळही थांबली.

कानसेन उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

फेंडरवर पिवळं फडकं होतं. फडक्यावर चार वायरी ओळीने पडलेल्या होत्या, सकाळी ठेवल्या तशाच. इंजिनावर चारही प्लगची डोकी उघडी होती.

या वायरींशिवाय एक ठोकाही पडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. मागे भिंतीशी मांजर उठलं, अंग झाडलं, आणि सायलेन्सरवरून उतरून ऊन शोधत बाहेर निघून गेलं.