मावशीचा फोन पुसला तेव्हा

थापा मारून मला काही मिळणार नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या घरी घडलं. रविवारी, भरदुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. तो फोन मी स्वतः तपासलाय.

मावशी जाऊन काही महिने झाले होते. शेवटची वर्षं तिचं सगळं तिच्या मुलीनं, म्हणजे या ताईनंच केलं. रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी सांभाळून औषधं, अंघोळ, जागरणं. ताईचा भाऊ, दादा, परगावी. तो फोनवरून सल्ले द्यायचा, आणि मावशी दिवसभर त्याच्याच नावाचा जप करायची.

अंथरुणावर पडल्या पडल्या मावशी स्वतःच्या फोनमध्ये काहीबाही बोलून रेकॉर्ड करायची. ते ऐकायचा धीर ताईला अजून झाला नव्हता. त्यात कुठेतरी आपल्यासाठी एक चांगला शब्द असेल, एवढीच तिची आशा.

पण फोन रडतखडत चालायचा. कंपनीनं अपडेट केव्हाच बंद केले होते. दादा म्हणाला, "त्या डबड्यात काय जीव अडकलाय तुझा? दे फेकून."

ताईनं फेकला नाही. लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम त्यात टाकायची ठरवली. त्याआधी फोनमधलं सगळं पुसलं जातं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून सगळी रेकॉर्डिंग्ज तिनं मेमरी कार्डावर हलवली.

तिथंच घात झाला.

जागा पुरेना म्हणून ते कार्ड तिनंच पूर्वी फोनच्या आतल्या साठ्याला जोडून टाकलं होतं. अशा कार्डावरचं सगळं कुलूपबंद होतं आणि त्याची किल्ली फोनमध्येच असते. फोन पुसला, किल्लीही गेली.

नवी सिस्टीम झकास सुरू झाली. कार्ड मात्र वाचता येत नाही म्हणाली.

ताई डोकं धरून बसली.

आणि... स्क्रीनवर लाल ठिपका दिसला.

रेकॉर्डर चालू होता. तिनं बोटही लावलं नव्हतं.

तिनं तो थांबवला. ऐकलं. पंखा. नळाची ठिबक. मग... खोकला.

मावशीचा.

"दादा आला का गं?"

ताईला भीतीआधी संताप आला, असं ती नंतर म्हणाली. गेल्यावरसुद्धा दादाच.

तिनं रेकॉर्डर पुन्हा लावला. जवळ वाकून म्हणाली, "आई, मी आहे ना इथं."

मग ऐकलं. पंखा होता. नळ होता. खुर्ची सरकल्याचंही ऐकू आलं.

तिचं वाक्य... नव्हतं.

तेवढ्या जागी शांतता. मग मावशी, रडवेली होऊन,

"घरात कुणीच नाही का?"

संध्याकाळी मी गेलो. माईक तपासला, सिस्टीम पुन्हा टाकली. माझा आवाज खणखणीत यायचा. ताईचा एकदाही नाही. मी माईकवर खापर फोडलं. विज्ञान शिकलेला माणूस दुसरं काय करणार?

तो फोन मी घरी आणून बंद करून ठेवला.

परवा ताईनं मला फोन केला. तिच्या स्वतःच्या फोनवरून. पलीकडे रस्त्यावरचा हॉर्न वाजला. दार लागलं. कुणीतरी श्वास घेतला, आणि पुढे... काहीच नाही. मी हॅलो हॅलो करून शेवटी ठेवून दिला.

लगेच तिचा मेसेज आला.

"नुसतं हॅलो हॅलो काय लावलं होतंस? एवढं रडून सगळं सांगितलं मी तुला."