हेडसेटमधली हुंकारी

पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. कोणाला पटवून द्यायची ताकद आता माझ्यात राहिली नाही. पण हे घडलं आहे. बालाघाटात, माझ्या स्वतःच्या घरात, याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालं. रात्री-बित्री नाही, भर दुपारी.

मी गजेंद्र. हेडसेट ऐकून त्याचा आवाज कसा आहे ते सांगणं, हे माझं काम. गोंदियाचा एक दुकानदार नवा माल आला की आधी माझ्याकडे पाठवतो. मी ऐकतो, व्हिडिओ बनवतो. काम घरातूनच होतं, म्हणून मायकडे बघायलाही मीच.

माझी माय, सत्यभामा. तिला लकवा मारून दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कूस बदलणं, अंग पुसणं, पेज भरवणं, सगळं मी आणि माझी बायको समीक्षा आळीपाळीनं करायचो. खरं सांगतो, जीव मेटाकुटीला आला होता. पण ती डोळे उघडून आमच्याकडे पाहायची, तेवढ्यावर दिवस निघायचा. ती जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं.

आधी बाबूजींचं सांगावं लागेल.

बाबूजी, प्रेमलाल, लांजीच्या बसवर ड्रायव्हर होते. दुपारी जेवायला घरी आले की मायला कहाणी सांगायचे. माय तांदूळ निवडता निवडता हुंकारी द्यायची. आमच्याकडे कहाणी मुकाट ऐकत नाहीत. सांगणारा जरा थांबला की ऐकणाऱ्यानं 'हौ' म्हणायचं. 'हौ' बंद झाला की सांगणाराही बंद. आणि कहाणी सरेपर्यंत हुंकारी देणाऱ्यानं जागचं उठायचं नाही.

शेवटच्या दुपारी ते एका मासे धरणाऱ्या ढिवराची कहाणी सांगत होते. ड्यूटीची वेळ झाली. "बाकीची उद्या," म्हणाले आणि गेले. लांजीच्या स्टँडवर, बसच्या सीटवर बसल्या बसल्याच संपले.

माय रडली नाही. "अर्ध्यातच टाकून गेले," एवढंच म्हणाली. वर्ष भरायच्या आत तिला लकवा मारला.

तर तो हेडसेट.

वायरलेस, गेमिंगचा. आवाज चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. गाणं लावलं, बास दणकेबाज, पण गच्च नाही. गेममध्ये मागून येणारी पावलं मागूनच ऐकू येत होती. राहिला माइक.

माइक तपासायची माझी एक पद्धत आहे. काही बोलायचं नाही. घरातली शांतता रेकॉर्ड करायची आणि आवाज वाढवून ऐकायची. माइक हलका असला की सरसर येते.

यात सरसर नव्हती. पंखा होता. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल होती. आणि मग...

"हौ."

मी हेडसेट काढला. खोलीत कोणी नाही.

परत लावला.

"हौ..."

थोडं थांबून...

"हौ."

मायचा आवाज होता. मायचा आवाज कोण विसरतो?

धावत आतल्या खोलीत गेलो. माय तशीच पडलेली. तोंड मिटलेलं. भिंतीकडे बघत होती.

आणखी एक गोष्ट सांगतो, ही आमच्या कामातली आहे. या हेडसेटला माइक एकच असतो. त्यात रेकॉर्ड केलेलं दोन्ही कानांत सारखंच वाजतं. पण हा 'हौ' फक्त डाव्या कानात येत होता. आणि उजव्या कानात... दोन 'हौ'च्या मधल्या जागेत... एक घोगरी पुटपुट होती. शब्द कळत नव्हते. कोणी तरी निवांत काहीतरी सांगत होतं.

समीक्षाला ऐकवलं. मला वाटलं, म्हणेल, जरा झोप काढा. तिनं उजवा कान हातानं दाबून धरला.

"हे त बाबूजी हायेत," ती म्हणाली.

त्यानंतर मी जे केलं ते कोणत्याही लेकानं केलं असतं. वाटलं, मायनं स्वतःचा आवाज ऐकला तर वाचा परत येईल. हेडसेट तिच्या कानांवर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावायला लॅपटॉप आणायला वळलो. हेडसेट बंदच होता. त्याची बत्तीही पेटलेली नव्हती...

"हौ," माय म्हणाली.

तोंडानं. मोठ्यानं.

समीक्षा रडायला लागली. मीही. त्या दुपारी मायनं वाटीभर पेज संपवली. हेडसेट काढायला गेलो तर डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.

मग रोजचंच झालं. जेवण झालं की हेडसेट. चार्ज करायचीही गरज नव्हती. माय 'हौ' म्हणायची, कधी "मंग?" विचारायची. चेहऱ्यावर तरतरी आली. भीती वाटत होती, पण माय बोलत होती ना. आम्ही कशालाच हात लावला नाही.

एका दुपारी ती हसली. आणि विचारलं...

"सरत आली का?"

माझा चमचा हातातच राहिला. समीक्षा हळूच म्हणाली, "कहाणी सरली का आई उठतीन, बाबूजींसंगं जातीन. समजून राह्यलं का तुमाले?"

समजलं होतं.

हेडसेट ओढूनच काढला. डब्यात भरला आणि त्याच दिवशी गोंदियाला परत पाठवला. दुकानदारानं फोनवर विचारलं, "काहून, आवाज खराब हाय का?"

"न्हाई. साफ हाय," मी म्हणालो. "लय साफ हाय."

दुसऱ्या दुपारी... कानांवर काहीच नसताना...

"हौ."

मी उशाशी बसलो. मग तिच्या कानाशी तोंड नेलं.

"माय, आता माही कहाणी आयक. एक राजा होता."

तिनं मान वळवली. माझ्याकडे पाहिलं.

"हौ."

तेव्हापासून रोज सांगतो. जेवणापासून दिवे लागेपर्यंत. राजे-राण्या संपल्या. किरनापुरातल्या लग्नांतली भांडणं झाली. हेडसेटचे मॉडेल झाले. बास कशाला म्हणतात, हे मायला आता पाठ असेल. घसा बसला आहे. समीक्षानं सांगून पाहिलं, तर माय तिला हुंकारीच देत नाही. थकलो हो. पण कहाणी सरू देत नाही. रोज अर्ध्यात ठेवतो.

परवा मी बोलत होतो. वाक्य पुरं व्हायचं होतं, श्वासही घेतला नव्हता...

"हौ."

हा माझ्यासाठी नव्हता.

मग नीट कान दिला, तेच तर माझं काम. एक 'हौ' मी थांबलो की येतो. एक मध्येच येतो, भिंतीकडे बघून. माय दोन कहाण्या ऐकून राहिली आहे. माझी मी लांबवू शकतो. बाबूजींची तर तेव्हाच सरत आली होती.

आज सकाळी समीक्षानं मला उठवलं. मायनं पाय खाटेखाली सोडला होता. लकव्याचा पाय.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, फार चांगली खूण आहे.

जेवणं उरकली आहेत. आता उशाशी जाऊन बसतो.