टोक नीट टेकवा

तो पहिल्यांदा आला तेव्हा पुलगावात चार दिवसांची झड लागली होती. छत्री मिटून तो दुकानाच्या दारात उभा राहिला आणि वर टांगलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांच्या माळेकडे बघतच राहिला.

"काय पाह्यजे?" मोहिनीनं विचारलं. अण्णाजी काकांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती बसायची. आयटीआय झालेली, अख्ख्या बॅचमध्ये एकटी मुलगी.

"व्होल्ट मोजाचं मीटर. अन्... ते वाचाले शिकवाल का?"

"बाप्पा! मीटर घेतलं की मास्तरीण फुकट का?"

तो हसला. अर्धवटच, पण गालाला खळी पडली आणि मोहिनीबाईंचं तिथंच कल्याण झालं!

नाव रजत. नाचणगावचा, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवायचा. मग काय, रोज संध्याकाळी पाचला स्वारी हजर.

"व्होल्ट म्हणजे टाकी किती उंच," मोहिनी शिकवायची, "अँपिअर म्हणजे नळाले धार किती. अन् वाटेत बोळा अडकला, त्याचं माप म्हणजे ओहम."

"अन् मधात माणूस आला त?"

"त मग माणूसच नळ होते."

तो मान खाली घालून मीटरची वायर गुंडाळू लागला. मोहिनीला वाटलं, लाजला.

मीटरची टोकं तो बोर्डात इतकी अलगद धरायचा, की आकडा शून्यावरून हलेल तर शपथ.

"टेकवा ना नीट! भेता काऊन? भीत-भीत धरलं त मीटर खोटं बोलते."

"तुमी दाखवा धरून..."

"मीटर धरून दाखवीन. हात नाई धरणार!"

"मी कुठं म्हटलं—" त्याचे कान लाल झाले.

"पोरी," काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "हा मीटर शिकून राह्यला का तुले पाहून राह्यला?" मोहिनीलाही तेच वाटायचं, आणि वाटून फार बरं वाटायचं.

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या घरचं अर्थिंग पाहून देता का?" ती नवा कुडता घालून गेली.

ओसरीवर वडील बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. आतल्या खोलीत चादरीनं झाकलेला कूलर होता आणि भिंतीवर हार घातलेला फोटो.

"आई. आनंदाबाई. मे महिन्यात गेली... कूलरात पाणी टाकून राह्यली होती. करंट उतरला."

रजतनं कूलरचा प्लग तिच्या हातात दिला. तीन पिनांचा, वरची जाड, अर्थिंगची पिन करवतीनं कापलेली.

"कूलर खिडकीत पाह्यजे होता. भिंतीतला बोर्ड लांब पडे. एक्स्टेन्शन आणलं, त्याले दोनच छिद्रं. लोक म्हणे, तिसरी कापून टाक, चालते. कापली मी." त्यानं भिंतीतल्या तीन छिद्रांच्या बोर्डाकडे बोट केलं. "मीटर घेतलं, पण इथं लावाची हिंमतच नाई झाली. इतकंच सांगा... याले अर्थिंग होतं का? नसन, त पिन राहून बी आई गेलीच असती. अन् असन, त..."

म्हणजे हा रोज यायचा तो ह्यासाठी. मोहिनीला वाईट वाटलं, आधी स्वतःचं, मग स्वतःची लाज वाटेल इतकं त्याचं.

तिनं लाल टोक खालच्या उजव्या छिद्रात घातलं, काळं वरच्या मोठ्या छिद्रात. आकडा झरकन चढला. २२९. अर्थिंग ठणठणीत होतं. पिन असती तर उतरलेला करंट जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता आणि ही बाई आज चहा करत असती.

रजत डोळे मिटून उभा होता. मोहिनीनं बोटं सैल सोडली. आकडा शून्यावर आला.

"पाहा. अर्थिंग मेलेलं आहे. तुमचा काहीच दोष नाई."

त्यानं डोळे उघडले. मीटर पाहिलं. मग तिचा हात पाहिला.

"मोहिनी... टोक टेकलं नाई."

"टेकलं आहे."

"नीट टेकव ना. भेते काऊन?"

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला आणि दाबला. २२९. हा आपला हात कधी धरेल म्हणून किती दिवस ती झुरत होती, आणि धरला तो असा.

"खोटं काऊन बोलली?"

"तुमी आवडता मले." ती रडत होती. "तुमचं हे सारं मले पाहवलं नाई."

"मानलं असतं मी," तो म्हणाला. "पण तूच शिकवलं ना..." मग तोही लहान पोरासारखा रडला. ओसरीवर वडील खाकरले, पण आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मोहिनी स्टुलावर चढली आणि दोन छिद्रांच्या बोर्डांची अख्खी माळ तिनं खाली ओढली. काका ओरडत राहिले.

पाच वाजले. सहा वाजले. तो येत नाही हे तिनं मनाशी धरूनही टाकलं. साडेसहाला दारात छत्री मिटली. झोप नसलेला चेहरा. खळीचं नावही नव्हतं.

"तीन छिद्रांचे दहा बोर्ड दे. आमच्या गल्लीत सगळ्यांनी पिना कापल्या आहेत. लावून द्याले येशीन?"

"येते. पण मीटर तुमी धरजा."

"अन् तू?"

"मी तुमचा हात धरते."