वीस, चाळीस, साठ

"मला एवढंच सांगा, चूक माझी होती का?" थोरल्या जाऊबाईंनी स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

अण्णांनी ते उचललं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून चालू केलं आणि बाजूला ठेवून दिलं. खासगी तपासाचं काम करणाऱ्या अण्णांची ही जुनी खोड. माणूस बोलत असताना वस्तूलाही बोलू द्यायचं. खालच्या मजल्यावरचा फोटोवाला कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याच्याकडे गाडी आहे म्हणून त्याला तपासावर नेतो, असं अण्णा सांगत. फोटोवाल्याचं स्वतःबद्दलचं मत याहून बरंच चांगलं होतं.

जावा-जावांचं विळ्या-भोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण या दोघींत एकीवाचून दुसरीचं पान हलत नव्हतं. धाकटी शाळेची व्हॅन चालवायची, थोरली गणिताच्या शिकवण्या घ्यायची. दोघींनी घरच्याच गाडीवर नवशिक्यांच्या रॅलीत नाव घातलं.

"या रॅलीत सुसाट सुटायचं नसतं," थोरली म्हणाली. "ठरवून दिलेल्या वेगानं जायचं. वाटेत लपलेली माणसं वेळ टिपतात. उशिरा पोचलं तरी दंड, लवकर पोचलं तरी दंड. मी मीटर आणि घड्याळ बघून सांगते, 'जरा दाब', 'जरा सोड'. पहिल्या दिवशी आयोजकांनी मोजून दिलेल्या दहा किलोमीटरवर आमचं मीटर जुळवून घेतलं. संध्याकाळी आम्ही तिसऱ्या! दुसऱ्या दिवशी शेवटून दुसऱ्या."

"दंड किती?"

"किलोमीटरला शंभर सेकंद असा वेग होता. दहाव्या किलोमीटरला आम्ही वीस सेकंद लवकर, विसाव्याला चाळीस, तिसाव्याला साठ. वळणंसुद्धा मीटरवरच्या आकड्याच्या आधीच येत होती. मला वाटलं, मीच चुकीचं वाचतेय, म्हणून घाबरून गप्प बसले. आता आठ दिवस धाकटी माझ्याशी बोलत नाही. पुढच्या रॅलीचा अर्ज आज पाचपर्यंत द्यायचाय. चूक माझी असेल तर मी त्या सीटवर पुन्हा बसणार नाही, आणि शिकवण्याही बंद. जिला साधी बेरीज जमत नाही तिनं पोरांना काय शिकवायचं?"

अण्णांनी स्टॉपवॉच थांबवलं. दहा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाला अगदी धरून.

दोन्ही सकाळी गाड्या सुटतानाचे फोटो काढायचं काम फोटोवाल्याकडेच होतं. त्याने ते आणून मांडले. पहिल्या दिवशीच्या फोटोत पुढच्या चाकावर तपासणीवाल्यांनी लावलेला हिरव्या रंगाचा ठिपका होता. दुसऱ्या दिवशीची चाकं काळीभोर होती, त्यांच्यावर रबराचे बारीक केस उभे होते.

"दुसऱ्या दिवशी धुतलेली दिसतात," फोटोवाला म्हणाला.

"हं," अण्णा म्हणाले.

धाकटी शाळेच्या फाटकाशी व्हॅन पुसत होती. "मीटरला कुणी हात लावला नाही. त्याची तार पुढच्या चाकाला जोडलेली असते, तिचं सील अजून तसंच आहे. रॅलीनंतर गाडी चिखलासकट शेडमध्ये उभी आहे, कुणाला तिच्याकडे बघवत नाही."

"दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कुठं होती?"

"गॅरेजवाल्यानं धुऊन थेट सुरुवातीच्या जागी आणून दिली. आम्ही बसलो आणि निघालो." तिने फडकं पिळलं. "मी ताईंवर रागावलेली नाही हो. मीच पाय जास्त दाबला असेन. पण ते कबूल करायला तोंड उघडत नाही."

गॅरेजवाला आणि त्याचे तिन्ही कारागीर नव्या कोऱ्या निळ्या डांगऱ्या घालून उभे होते. काजं मात्र लाल दोऱ्याची.

"इंजिनाला बोट लावलं असेल तर हात झडोत माझे!" गॅरेजवाला म्हणाला.

"आणि दुसऱ्या कशाला?"

गॅरेजवाला घाईने पाना शोधायला लागला. फोटोवाला दाराशी एकावर एक ठेवलेल्या दोन टायरवर टेकला होता. टायर त्याच्या टकलाइतके गुळगुळीत होते आणि वरच्या टायरवर हिरवा ठिपका होता. त्याने पँट रंगली नाही ना, एवढं तपासलं आणि उठला.

घरी पुढच्या खोलीत सासूबाई शिवणयंत्रावर वाकल्या होत्या. त्यांचा शिवणकामाचा धंदा तिथेच चाले. यंत्राखालून निळं जाड कापड सरकत होतं.

"ती थेरं बघायला मी गेले नाही आणि जाणारही नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या सकाळी गाडी दारातून निघाली तेवढी खिडकीतून पाहिली. पुरे झालं तेवढं."

त्यांनी लाल दोरा दातांनी तोडला.

साडेचारला अण्णांनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं. गॅरेजवाला दाराजवळ उभा होता, पळायला सोपं पडावं म्हणून.

"आकडेमोड चुकली असती तर एखादा आकडा भलताच आला असता," अण्णा म्हणाले. "पाय चुकला असता तर कधी लवकर, कधी उशीर. इथं वीस, चाळीस, साठ. इतक्या शिस्तीत चूक माणूस करत नाही, यंत्र करतं. स्टॉपवॉच बरोबर आहे. मीटरचं सील शाबूत आहे. मग उरलं काय? चाक. झिजलेल्या टायरपेक्षा नवा टायर जरासा उंच असतो. तेवढ्याच रस्त्यात कमी फेरे घेतो, म्हणून मीटर कमी दाखवतं आणि मीटर बघून चालवणारा नकळत जोरात जातो. शंभरात दोन कमी. मीटर जुळवलं जुन्या टायरवर, रॅली केली नव्यावर. जुने दोन्ही गॅरेजमध्ये आहेत, हिरव्या ठिपक्यासकट. आमचे फोटोवाले त्यांच्यावर बसून आले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! फोटोवाला कानापर्यंत लाल झाला.

"पण टायर बदलायला सांगितलं कुणी?" धाकटीने विचारलं.

"चार डांगऱ्या. लाल दोऱ्याची काजं. पाचवी आत्ता यंत्रावर आहे."

यंत्र थांबलं.

"आई?" थोरली म्हणाली.

"त्या चाकांवर नक्षी म्हणून उरली नव्हती," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "घाटाचा रस्ता, आणि गाडीत माझ्या दोघी. जाऊ नका म्हटलं असतं तर ऐकलं असतंत? माझ्या तोंडून चांगलं निघत नाही गं, हातून निघतं. टायरच्या पैशांऐवजी याला डांगऱ्या शिवून द्यायचं ठरवलं आणि बजावलं, अवाक्षर काढायचं नाही. टायरमुळे कुणी हरतं, हे मला काय ठाऊक!"

त्यांनी गळ्यातली टेप हातात धरून ताणून पाहिली.

"म्हणजे जुन्या ताणलेल्या टेपनं माप घेतलं आणि नव्या टेपनं कापड कापलं."

"अगदी तसंच," अण्णा म्हणाले.

सासूबाई उठल्या आणि थोरलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मग चूक कापणारीची नसते. मी न सांगता टेप बदलली. आठ दिवस तू रडत होतीस आणि मी मेली यंत्र चालवत बसले."

थोरलीने त्यांचा हात धरला. धाकटीने कपाटावरचा अर्ज काढला, स्वतःच्या नावाखाली थोरलीचं नाव लिहिलं आणि तिच्यापुढे सहीला धरला.

"ताई, माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं."

थोरलीने सही केली. पाचला वीस मिनिटं कमी होती.

चिखलाने माखलेली गाडी शेडमधून बाहेर आली. धाकटी स्टिअरिंगवर, शेजारी थोरली. मागचं दार उघडून सासूबाई आत बसल्या, टेप अजून गळ्यातच.

"लवकर पोचलो तर दंड नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

"आज नाही, आई," थोरली म्हणाली आणि तिने स्टॉपवॉच चालू केलं.